फोंडा घाट, साडेसहा हजारांचा बूस्टर आणि फुल्ल काड्या

रात्रीचे साडेअकरा झालेत, पाठ धरली आहे, तरी आत्ताच लिहायला बसलोय. उद्यापर्यंत राग उतरेल आणि मग मी त्या दुकानदाराला उगाच सांभाळून घेईन.

गुळाचा हंगाम सुरू झाला की महिन्यातून तीन-चार वेळा पिकअप घेऊन कोल्हापूरहून कणकवलीला जावं लागतं. राधानगरीच्या पुढं रेंजची बोंब, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गाडीत फोनची रेंज वाढवायचा बूस्टर बसवला. मशीन साडेसहा हजार, बसवणावळ आठशे. "घाटात फुल्ल काड्या दिसतील, नाही दिसल्या तर पैसे परत," असं तोंडी ठरलं. काड्या दिसल्या. माणूस शब्दाला पक्का निघाला, तिथंच घोळ झाला.

रंकाळा, हळदी, भोगावती, राधानगरी. पन्नासेक किलोमीटरचा हा भाग उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर सोपा आहे, त्यावर शब्द घालवत नाही. राधानगरीत चहाला थांबलो तेव्हा पुतण्यानं फोनमधला खरा आकडा बघायला शिकवलं. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत 'सिग्नल स्ट्रेंग्थ' असतं, उणे आकड्यात. 4जीवर उणे 85 म्हणजे झकास, उणे 110 च्या खाली आवाज तुटायला लागतो, उणे 120 ला फोन मेल्यातच जमा. काड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या मर्जीनं काढतो. राधानगरीत आम्हाला उणे 94 होतं.

फेजिवडं सोडलं की डोंगर आणि दाट झाडी सुरू होते, आणि दाजीपूरकडं जाताना आमचा आकडा 108, मग 116, मग काहीच नाही. इथं पहिला धडा मिळाला. बूस्टर आहे तेवढंच मोठं करतो. जिथं टॉवरचं काहीच पोचत नाही तिथं तो नुसता तापतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

दुसरा धडा जास्त महाग पडला. घाट उतरायला लागलो, दरी उघडली आणि एकदम काड्या फुल्ल. मी खूश. पुतण्या घरी फोन लावतोय, लावतोय, लागेना.

"काका, काड्या फुल्ल हायत, फोन मात्र जाईना."

"परत लाव."

"चारदा लावला की!"

फोंडा गावातून गेलो तेव्हाही तेच. फोन गप्प, काड्या भरलेल्या. शंका कुणाला येणार? कणकवलीत गोडाऊनपुढं गाडी बंद केली, लायटरच्या सॉकेटवरचा बूस्टर विझला आणि धडाधड मेसेज पडले. नऊ मिस्ड कॉल, सगळे व्यापाऱ्याचे. माल फोंड्याच्या बाजारातच उतरवायचा होता! गुळाचे 40 रवे घेऊन पुन्हा उलटं. येऊन-जाऊन 35-40 किलोमीटर, हमाल जेवायला गेलेले ते वेगळंच.

कारण नंतर पुतण्यानंच शोधलं. बूस्टरला दोन अँटेना असतात, बाहेरचा टॉवरशी बोलतो, आतला फोनशी. आमच्या दुकानदार पठ्ठ्यानं बाहेरचा आरशाच्या दांडीला बांधला होता आणि आतला डॅशबोर्डवर चिकटवला होता. मध्ये हातभर अंतर आणि उघडी काच. गणपतीत माइक स्पीकरसमोर धरला की कसा 'कूंऽऽ' करून केकाटतो, तसाच हा प्रकार. आतलं बाहेर, बाहेरचं परत आत, मशीन स्वतःचाच गोंगाट वाढवत बसतं. फोनला वाटतं रेंज दांडगी आहे, प्रत्यक्षात टॉवरपर्यंत शब्द जात नाही. दोन्हींच्या मध्ये टपाचा पत्रा असता तर थोडं तरी आवरलं असतं.

आणि मुळात हा धंदाच बेकायदा आहे. अमेरिकेत कंपनीकडं नोंदणी करून गाडीत बूस्टर लावता येतो. आपल्याकडं परवान्याशिवाय असा रिपीटर विकणंही चालत नाही आणि लावणंही नाही. त्याच्या गोंगाटानं त्या टॉवरवरच्या बाकीच्यांचेही फोन बिघडतात. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. रेंज वाढते म्हणून फोनच्या पाठीवर चिकटवायचे सोनेरी स्टिकर मिळतात, ते वीस रुपयांनाही घेऊ नका.

मग करायचं काय? येताना आम्ही बूस्टर काढून गोणपाटात गुंडाळला आणि फोन गिअरपाशी असतो तिथून उचलून समोरच्या काचेलगत लावला. तेवढ्यानं आकडा 112 वरून 105 वर आला, फुकटात. केबिन म्हणजे पत्र्याचा डबा, सिग्नल काचेतूनच येणार. काचेला धातूचा थर असलेली चकचकीत फिल्म असेल तर तोही रस्ता बंद. (काळ्या फिल्मवर तर सुप्रीम कोर्टानं 2012 मध्येच बंदी घातली आहे, म्हणून ती काढायला दोन कारणं.)

घाटात फोन करायचाच असेल तर दरी कोकणाकडं उघडी दिसते तिथं, रुंद जागा बघून थांबा आणि खाली उतरून बोला. खालच्या टॉवरशी मध्ये डोंगर नसतो. डोंगराच्या कुशीतल्या वळणावर अर्धा तास फोन हलवत बसण्यात अर्थ नाही. संध्याकाळनंतर दाजीपूरच्या पट्ट्यात गाडीबाहेर उतरूच नका, गवे रस्त्यावर येतात.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं ठेवा, त्यातलं एक 2जी अजून चालू असलेलं. 4जीचा जीव जातो तिथं कधीकधी साधा कॉल लागतो. कॉल नाही लागला तर साधा एसएमएस टाका, क्षणभर रेंज आली तरी जातो. नकाशा आधीच उतरवून ठेवा, जीपीएसला रेंज लागत नाही. अडचणीत 112 लावा, आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी तिथं ज्याचा पोचतो त्यावरून तो कॉल जातो. रेंज नसलेल्या पट्ट्यात विमान मोड टाका, नाहीतर फोन शोधाशोध करून बॅटरी संपवतो.

गाडीत इंटरनेट हवंच असेल तर बाहेरच्या अँटेनाची सॉकेट असलेला 4जी राउटर घ्या आणि अँटेना टपाच्या मध्यावर लावा. वायर आखूड ठेवा. पातळ आरजी-58 वायर 900 मेगाहर्ट्झला मीटरमागं साधारण अर्धा डेसिबल खाते, 1800 ला त्याहून जास्त. पाच-सहा मीटरचं वेटोळं ठेवलंत तर निम्मी ताकद वायरीतच गेली.

कणकवलीत एक मुक्काम झाला, मासे चांगले मिळाले.

आज येता येता दुकानात गेलो होतो. "काड्या दिसल्या का नाही?" म्हणाला. दिसल्या म्हटल्यावर, "मग झालं की!" पैसे मिळाले नाहीत. दाराच्या रबराला त्यानं वायरीसाठी भोक पाडलं होतं, त्यातून दाजीपूरच्या धुक्याचं पाणी सीटवर गळत होतं. आत्ताच एम-सील लावून आलोय.