जेवणानंतरचा डाव

नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना मुलांशी खेळायला वेळ मिळत नाही, ही तक्रार आमच्या डोंबिवलीत घरोघरी ऐकू येते आणि ती खोटी नाही. सकाळची जलद लोकल गाठायची म्हणजे मुले डोळे चोळत उठत असतानाच आपण जिना उतरत असतो. मुंबईपर्यंत जाण्यात तास-सव्वा तास जातो, तेवढाच परतताना, आणि पावसाळ्यात गाडी रखडली तर त्याला धरबंध नाही. माझी पत्नी ठाण्याला नोकरी करते. तिचा प्रवास माझ्याहून कमी असला, तरी घरची कामे तेवढ्यामुळे तिच्याच वाट्याला जाऊ नयेत, यासाठी आम्हांला दिवसाची घडी नव्याने बसवावी लागली. खेळाच्या वेळेचा प्रश्न तिथूनच सुटू लागतो, असे माझे ठाम मत आहे. आईने ओटा आवरायचा, डबे आणि गृहपाठ पाहायचा, आणि बाबांनी तेवढ्या वेळात मुलांबरोबर हसून-खेळून घ्यायचे, याला समतोल म्हणता येणार नाही. आमच्याकडे रात्रीची आवराआवर आम्ही दोघे आळीपाळीने करतो. ज्याची पाळी नसेल तो मुलांचा भिडू.

रविवारी सगळी कसर भरून काढू, हा विचार मला पटत नाही. आठवडाभर वाट पाहायला लावून मुलांना मॉलमधल्या खेळघरात सोडायचे आणि जाळीबाहेरच्या बाकावर आपण फोन चाळत बसायचे, यात मुले खेळतात हे खरे, पण ती आपल्याशी खेळत नाहीत. त्याऐवजी रोज जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांचा एकच डाव, आणि त्या वेळात दोन्ही फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर, एवढा नेम आम्ही धरला आहे. दमून आलेल्या माणसाला पळापळीचे खेळ झेपत नाहीत. म्हणून सतरंजीवर बसून खेळायचे खेळ आम्ही निवडले. आजी सागरगोटे शिकवते. नाव-गाव-फळ-फूल खेळायला कागद-पेन्सिल पुरते. पण घरात सर्वांत रंगतो तो बदाम सात.

चौघांत तेरा-तेरा पत्ते येतात आणि सहा वर्षांच्या धाकटीच्या मुठीत ते मावत नाहीत. ती उशीचा आडोसा करून तिच्यामागे पत्ते रांगेत मांडते आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून, ओठ हलवत, पूर्ण रांग मोजते. आरंभी तिला आम्ही कच्चा लिंबू म्हणून घेतले होते; तिने चुकीचे पान टाकले तरी चालत असे. काही आठवड्यांनी तिनेच सांगितले, ‘‘बाबा, आता माझंही राज्य धरा.’’ त्या दिवसापासून ती हरली की हरली. थोरला नऊ वर्षांचा आहे. हाती दोन-तीन चालणारी पाने असली, तर चौकटची अट्ठी मागे ठेवून आधी दुसरेच पान टाकायचे, म्हणजे पुढच्यांचे नव्वे-दश्शे अडकून पडतात, ही युक्ती त्याने स्वतः हुडकून काढली. मोठ्यांनी मुद्दाम हरू नये, हे मी या दोघांकडून शिकलो. आपण खरोखर खेळतो आहोत की वेळ मारून नेतो आहोत, हे मुलांना पान टाकण्याच्या पद्धतीवरून कळते, आणि खोट्या विजयाने ती खट्टू होतात.

अर्थात, घरातला डाव मैदानाची जागा घेऊ शकत नाही. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ती लगोरीत, लंगडीत, डबा ऐसपैसमध्ये, समवयस्कांच्या सोबतच व्हायला हवी. आमच्या सोसायटीच्या आवारात मोटारी लागतात, तरी संध्याकाळी सहा ते सात त्यांतला एक पट्टा मोकळा ठेवण्याचा ठराव सभासदांनी केला आहे. आई-वडील त्या वेळी गाडीत लोंबकळत असतात. पण आपल्यावाचून मुले खेळू शकतात, याची सोय करणे हीदेखील पालकांचीच जबाबदारी आहे.

हा प्रश्न केवळ घरातल्या शिस्तीने सुटणारा नाही, हेही स्पष्टपणे लिहायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतले ३१ वे कलम मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क देते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. या तरतुदी मोलाच्या आहेत, परंतु त्या तान्ह्या आणि शाळेआधीच्या वयाच्या मुलांपाशी थांबतात. शाळकरी मुलाच्या आई-वडिलांना दिवेलागणीला घरी पोहोचता यावे, यासाठी कचेरीच्या वेळा लवचिक करणे आणि रात्रीचे कामाचे निरोप थांबवणे आवश्यक आहे. आमच्या विभागात साडेआठनंतर आलेला निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला तरी चालेल, असे आम्ही सहकाऱ्यांनी वरिष्ठांशी बोलून ठरवून घेतले. मार्चअखेर वगळता ते पाळले जाते.

मार्चमधले ते दिवस मी मुलांना आधीच कॅलेंडरवर खूण करून दाखवतो, म्हणजे ती रोज रात्री दाराकडे पाहत बसत नाहीत. तेवढे दिवस माझी जागा आजी घेते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाच-तीन-दोन शिकवायचे ठरले आहे. त्यासाठी जोडातली तीस पाने वेगळी काढण्याचे काम थोरल्याने अंगावर घेतले असून, सत्त्या कोणत्या दोन ठेवायच्या यावरून त्याचे आणि आजीचे आतापासूनच वाद चालू आहेत.