पाळी चालू आहे म्हणून आजार नाही?

जेवण टाळणाऱ्या मुलीला आजारी म्हणायचे की हट्टी, हे ठरवणारे निकष गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. हा इतिहास वाचताना त्या त्या काळी निकषांबाहेर राहिलेल्या मुलींचे काय झाले असेल, हाच विचार माझ्या मनात राहतो.

अन्न सोडून, अंगात ताप नसताना झिजत गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरांनी १६८९ सालीच नोंदवली होती. १८७३ मध्ये लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. अनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचे. लासेग यांनी घरच्यांचेही बारकाईने निरीक्षण केले होते. कुटुंबाजवळ आर्जव आणि धमकी असे दोनच उपाय असतात आणि ते दोन्ही संपेपर्यंत वापरले जातात, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या घरांतले "एक घास तरी खा गं" आणि त्यामागोमाग येणारा दम ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे १९१४ मध्ये मॉरिस सिमंड्स यांनी पियुषिका (पिट्युइटरी) या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या नाशामुळे खंगलेल्या रुग्णाची नोंद केल्यावर बरीच वर्षे या मुलींचा दोषही त्या ग्रंथीतच शोधला गेला.

१९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचे, म्हणजे भरमसाठ खाऊन नंतर उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या आजाराचे, वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या नियमावलीत अनोरेक्सियासाठी वजनात पंचवीस टक्के घट ही अट होती, ती १९८७ मध्ये पंधरा टक्क्यांवर आली. मात्र त्याच वेळी मुलींसाठी सलग तीन पाळ्या चुकल्या असाव्यात ही अट जोडली गेली आणि ती २०१३ पर्यंत टिकली.

त्या अटीचा अर्थ मला २००९ मध्ये कळला. माझी भाची आमच्याकडे दादरला राहून अकरावी करत होती. डबा परत यायचा तेव्हा पोळीच्या फक्त कडा तोडलेल्या असत आणि भाजी झाकणाला चिकटलेली असे. विचारले की, "मावशी, पोट फुगल्यासारखं वाटतं गं," एवढेच उत्तर मिळे. श्रावणात तर उपासामुळे कोणी विचारतही नसे. डॉक्टरांनी पाळी नियमित येते का, एवढे विचारले, ती येत होती, म्हणून भूक वाढवणारे टॉनिक देऊन आम्हांला घरी पाठवले.

"मला जाड व्हायची भीती वाटते," असे ती कधीच म्हणाली नाही. हाँगकाँगमधील मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांना १९९० च्या दशकात असेच रुग्ण भेटले होते: जाडीची भीती न सांगता पोट भरल्याची किंवा फुगल्याची तक्रार करणारे. पाश्चात्त्य निकषांत ते नीट बसत नव्हते, मात्र त्यांची उपासमार खरी होती. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये पाळीची अट काढली गेली. जाडीची भीती बोलून दाखवली नाही तरी वजन वाढू न देणारे सततचे वर्तन पुरेसे ठरले. बिंज ईटिंगला, म्हणजे ताबा सुटून भरमसाठ खाण्याच्या आजाराला, स्वतंत्र निदानाचा दर्जा मिळाला. वजन खूप घटूनही जी मुलगी बारीक दिसत नाही, तिचीही त्यात दखल आहे, आणि मला ही दखल सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण उपासमारीचा हृदयावर होणारा परिणाम नुसत्या दिसण्यावरून ओळखता येत नाही.

म्हणून घरातील मुलीला डॉक्टरांकडे नेताना आजच्या वजनासोबत काही महिन्यांपूर्वीचे वजनही सांगावे आणि नाडी, रक्तदाब, ईसीजी व रक्तातील पोटॅशियम तपासण्याविषयी आपणहून विचारावे.