माय, कानबाई आणि अद्वैत

"मॅडम, वर्गात अद्वैत शिकवता आणि श्रावणात घरी कानबाई बसवता. मग तुमचा देव नेमका कोणता?" हे मला विद्यार्थी विचारायचे, आता त्यांची मुलंही विचारतात. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली देवी. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी अमळनेरची. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. अद्वैताचा, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या शंकराचार्यांच्या विचाराचा, अभ्यास हा त्या संस्थेचा प्राण, आणि मीही त्याच वातावरणात वाढले. निर्गुण ब्रह्म हेच पारमार्थिक सत्य, सगुण ईश्वर व्यवहाराच्या पातळीवरचा, उपासनेसाठी. हे मी अनेक वर्षं शिकवलं. 'सगुण ही पायरी' असं फळ्यावर लिहायचेसुद्धा.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई येते. नारळाला नथ घालायची, चौरंग सजवायचा, रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा स्वयंपाक, रात्रभर अहिराणी गाणी. सोमवारी वाजतगाजत बोरी नदीवर निरोप. एका वर्षी अंगात ताप असूनही माय पुरण वाटत बसली होती. मी म्हटलं, राहू दे, देवाला काय कळतंय! माय म्हणाली, "पाव्हनी से ती. पाव्हनीले उपाशी धाडतस का?"

त्या दिवसापासून 'पायरी' हा शब्द मला खुपायला लागला. मायसाठी कानबाई ही कुठे चढून जायची पायरी नव्हती. ती घरी आलेली होती, बस्स. तिच्या श्रद्धेला मी वरून खाली बघत नाव देत होते.

शेजारच्या मावशी महानुभाव. त्या पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे पदार्थ. देवता आपापल्या परीने फळ देतील, पण मोक्ष देणार तो परमेश्वरच. मावशी आमच्या रोटाला यायच्या, मायजवळ बसायच्या, कणीक मळून द्यायच्या. प्रसाद मात्र कधी घेतला नाही, आणि मायनेही आग्रह केला नाही.

म्हणून "शेवटी सगळे देव एकच" हे उत्तर मला देववत नाही. ऐकायला गोड आहे, पण मावशींच्या नकाराचा त्यात अपमान होतो. मध्वाचार्यांनी जीव आणि ईश्वर यांच्यातला भेद खरा मानला. रामानुजांना जग हे ईश्वराचं शरीर वाटलं. सांख्य तत्त्वज्ञांचं ईश्वरावाचून अडलं नाही. गावातले जैन तीर्थंकरांपुढे हात जोडतात, पण जग निर्माण करणारा कुणी मानत नाहीत. मशिदीत ज्याची प्रार्थना होते त्याला रूपच नाही, भागीदार नाही. हे सगळे एकच बोलत असते तर इतकी माणसं शतकानुशतकं एवढ्या तळमळीने का भांडली असती? त्यांच्यातले भेद खरे आहेत, आणि ते समजून घेणं हाच मला त्यांचा मान वाटतो.

आणि माझा देव? विचार करायला बसले की शंकराचार्यांचा युक्तिवाद अजून मला सर्वांत भक्कम वाटतो. पण हात जोडते तेव्हा समोर कुणीतरी लागतं. या दोन गोष्टी माझ्यात जुळलेल्या नाहीत, आणि ओढूनताणून मी त्या जुळवणार नाही. माय गेल्यावरही कानबाई येते. सोमवारी सकाळी निघण्याआधी मी तिला जेवू घालते, आणि तेवढा वेळ ती मला खरीच पाहुणी असते.