गाडीतल्या वायरलेस सेटची खरखर आणि सर्व्हिस सेंटरचं ‘ओके टेस्टेड’

गाडीत हॅम सेट, म्हणजे हौशी लोकांचा परवान्यावर चालणारा वायरलेस सेट, लावणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण ह्या प्रकरणात माझं डोकं भयंकर तापलं होतं आणि अजून पूर्ण थंड नाही झालं. लायसन्स आहे, घरी स्टेशन आहे, पेट्रोल गाडीतही सेट बसवला. दोन मीटरवर म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झला एफएमवर काही त्रास नाही, एफएममध्ये असली खरखर बरीचशी दबून जाते. पण ७ मेगाहर्ट्झला एसएसबी (दूरच्या बोलण्यासाठी वापरतात ती पद्धत, हिच्यात खरखर दबत नाही) लावून इंजिन चालू केलं की समोरचं स्टेशन गायब.

आवाज दोन होते. एक शिट्टीसारखा, ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, तो अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा. सेटची वायर लायटरच्या सॉकेटमधून काढून जाड वायरीने थेट बॅटरीवर नेली, प्लसला बॅटरीजवळच फ्यूज टाकला, आणि शिट्टी गेली. (नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो, अशा गाडीत सेटचा मायनस बॅटरीच्या टर्मिनलवर नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटवर लावायचा.)

दुसरी मात्र एकसारखी भुणभुण, वेग वाढवा की कमी करा, फरक नाही. अँटेनाची केबल सेटमधून काढली तर एकदम शांत, म्हणजे आवाज अँटेनातून येऊन राहिला होता, सप्लायच्या वायरीतून नाही. ही टेस्ट सगळ्यात आधी करा. लोक आधी पॉवर लाइनचा फिल्टर विकत घेतात आणि आवाज अँटेनातून येत असेल तर ते पैसे पाण्यात. मग इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन केली, तर भुणभुण दोनेक सेकंद आली आणि थांबली. इंजेक्शनवाल्या गाडीत चावी ऑन केली की पेट्रोल पंप तेवढाच वेळ चालून थांबतो. चोर सापडला.

आता खरी कटकट. पंप मागच्या सीटखाली, पेट्रोलचं काम, गाडी वॉरंटीत, म्हणून स्वतः हात लावायचा नाही हे माझं पक्कं होतं. वर्धा रोडने सर्व्हिस सेंटरला गेलो, सुपरवायझरला सगळं नीट समजावलं, तर त्याने जॉब कार्डवर लिहिलं ‘रेडिओ नॉट वर्किंग’. संध्याकाळी गाडी परत, शिक्का ‘ओके टेस्टेड’. म्हणे, “सर, तुमचा म्युझिक सिस्टीम तर मस्त वाजून राहिला.” अरे भाऊ, म्युझिक सिस्टीमबद्दल बोललो कोण? परत गेलो तर म्हणे बाहेरची ॲक्सेसरी लावली, वॉरंटी जाईल. मी म्हटलं असं असेल तर लिहून द्या. लिहून कोणी देईना. मग म्हणे तुमच्या सेटमध्येच फॉल्ट आहे. दर वेळी काउंटरवर नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा, आणि बाहेर नागपूरचं मे महिन्याचं ऊन. गाडीतला फॉल्ट गाडीच्याच लोकांना ऐकायचा नाही, ह्याचा मला खरंच राग आला.

शेवटी घरचा सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन गेलो. माझा सेट पूर्ण बंद केला, ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावून मागच्या सीटवर ठेवला, मॅनेजरला शेजारी बसवलं आणि त्यांच्याच पोराला चावी ऑन करायला सांगितली. भुर्रर्र, दोन सेकंद, बंद. परत. परत. पुढच्या सीटवर नेला तर आवाज कमी, मागे आणला की जास्त. आता माझ्या सेटचं नाव घ्यायला जागाच उरली नाही. तेवढ्यात तो मेकॅनिक पोरगा म्हणाला, “पंप आहे सर.” त्या पोराचे मनापासून आभार.

जॉब कार्डवर ह्या वेळी मी उभा राहून माझे शब्द लिहून घेतले, ‘पेट्रोल पंप चालू असताना रेडिओ इंटरफेरन्स’. तुम्हीही हेच करा, ‘रेडिओ’ हा शब्द एकटा जाऊ देऊ नका. सीटखालचं झाकण त्यांनीच उघडलं, पंपाच्या वायरी फेराइट रिंगमधून (असली खरखर अडवणारं चुंबकीय कडं) पंपाला अगदी लागून फिरवल्या, अर्थचा गंजलेला पॉइंट घासून घट्ट केला. सेटच्या सिग्नल मीटरवर (आकडा मोठा तर आवाज जोरात) आवाज एस-८ ला असायचा तो एस-३ च्या खाली आला आणि त्या दिवशी अजनीच्या पुलावरून जाताना दूरचं स्टेशन स्वच्छ ऐकलं.

रिंगबद्दल सांगायचं राहिलं. एचएफला, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झला, ३१ नंबरचं मिक्स (फेराइटच्या मालाचा प्रकार) घ्या, आणि वायर एकदा नुसती आरपार घालण्यापेक्षा वेढे द्या, दोन वेढ्यांना अडथळा साधारण चौपट होतो. ठोक्यासारखी टकटक येत असेल आणि रेसबरोबर वाढत असेल तर ते इग्निशन, रेझिस्टरवाले स्पार्क प्लग आहेत का बघा, आणि सेटमधला नॉइज ब्लँकर (टकटक कापणारं बटण) त्याच आवाजावर चालतो, शिट्टीवर नाही. बोनेट आणि डिकी बॉडीला चपट्या विणलेल्या पट्टीने जोडा, बिजागरीच्या भरवशावर राहू नका. आणि ह्या सगळ्याच्या आधी मोबाईलचा स्वस्तातला चार्जर सॉकेटमधून उपटून बघा, एका मित्राच्या गाडीत तेवढ्यावरच काम झालं.