बार्ड्सटाउनची वारी : लेबलाआधी काच वाचा

बार्ड्सटाउन हे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बर्बन व्हिस्कीचं गाव, लुईव्हिलहून तासाभराच्या अंतरावर. वाटेत उतारांवर काळवंडलेली बहुमजली गोदामं दिसू लागतात. तो धूर नव्हे, उडून जाणाऱ्या दारूवर पोसलेली बुरशी आहे. केंटकीत पिंपातला माल दरवर्षी साधारण ३ ते ५ टक्के उडतो. त्यामुळे सुमारे २०० लिटरच्या पिंपातून २३ वर्षांनी निम्म्याहून कमी हाती लागतो. बर्बनला दर वेळी आतून जाळलेलं कोरं ओक पिंप लागतं. असं पिंप वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर २० वर्षं राहिलं तर दारू लाकडासारखी कडू आणि तुरट होते, म्हणून फार मुरवायचा माल खालच्या गार मजल्यांवर ठेवतात. माझ्या जिभेला १२ ते १५ वर्षांचं बर्बन २३ वर्षांच्यापेक्षा बहुधा सरस वाटतं. किंमत मात्र वयाला मिळते.

२०१८पासून केंटकीतल्या परवानाधारक दुकानांना खासगी मालकांकडून जुन्या सीलबंद बाटल्या विकत घेऊन विकता येतात. कुठे कुठे त्यातलंच १५ मिलि चाखायलाही मिळतं. आधी ते घ्यावं, मग बाटलीचा विचार करावा. त्यापूर्वी गावातल्या ऑस्कर गेट्झ संग्रहालयात तासभर घालवला तर जुनी लेबलं आणि स्टॅम्प डोळ्यांत बसतात.

बाटली हातात आली की आधी मानेवरची कागदी पट्टी बघा. हिरवी असेल तर माल ‘बॉटल्ड इन बाँड’: १८९७च्या कायद्याप्रमाणे एकाच हंगामाचा, किमान ४ वर्षं मुरलेला, १०० प्रूफचा (प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट). पट्टीवर गाळल्याचा आणि भरल्याचा हंगाम छापलेला असतो. वजाबाकी केली की खरं वय निघतं. ही पट्टी १९८५च्या सुमारास बंद झाली. आकार ४/५ क्वार्ट लिहिला असेल तर बाटली १९८०च्या आधीची. सरकारी आरोग्य-इशारा असेल तर १९८९च्या आधीची असूच शकत नाही. बुडाच्या काचेवर बरेचदा दोन आकडी साल उठवलेलं असतं. काच ७८ची आणि पट्टी ६०ची असेल तर बाटली खाली ठेवून निघावं. लेबलावरचा डीएसपी-केवाय-१६ हा क्रमांक स्टिट्झेल-वेलर या भट्टीचा. ती १९९२ला थांबली, म्हणून तिच्या मालाला एवढा भाव.

पातळी मानेत असेल तर उत्तम. खांद्याखाली उतरली असेल तर बूच किंवा झाकण गळतंय, आणि चव पातळ व्हायला लागलेली असते. तळाशी पांढुरके कण असतील तर घाबरू नका, गारठ्याने साकळतात. चिनी मातीच्या शोभिवंत सुरया मात्र शेल्फवरच ठेवाव्यात. काहींच्या लेपातलं शिसं दारूत उतरतं.

दारूची बाटली वाइनसारखी आडवी ठेवायची नाही, कडक अल्कोहोल बूच खातं. जुनं बूच उघडताना फिरवलं की तुटतं. दोन पात्यांचं काढणं बाजूंनी सरकवून हळू उपसावं, तरी चुरा पडलाच तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळावं.

परतताना बाटल्या चेक-इन सामानातच. ७० टक्क्यांवरची दारू विमानात चालत नाही, आणि जॉर्ज टी. स्टॅग या बर्बनच्या काही वर्षांच्या बाटल्या त्या रेषेपलीकडे आहेत, तेव्हा लेबलावर प्रूफ १४०च्या आतलं बघूनच घ्यावी. मुंबईत २ लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे ७५० मिलिच्या दोनच बाटल्या. तिसरी घ्यायची असेल तर शुल्काचा हिशेब दुकानातच करून टाकावा.