बायोगॅस मीटरची जुळणारी बेरीज

लातूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या आसवनी प्रकल्पावरून ऐन गळीत हंगामात आम्हाला बोलावणे आले. तक्रार अशी होती की, बायोगॅसचा फ्लो मीटर पहाटे एकाएकी जवळपास दुप्पट प्रवाह दाखवतो आणि ऊन वर आले की आपोआप ताळ्यावर येतो. रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणाला, "सायेब, पहाटंच येड्यावानी करायलंय बघा, दिवसा काहीच नाही." प्रकल्पाच्या केमिस्टची मात्र मीटरबद्दल काहीच तक्रार नव्हती. डायजेस्टरमध्ये, म्हणजे सांडपाणी हवेविना कुजवून गॅस काढणाऱ्या टाकीत, एक किलो सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय भाराचे माप) घटला की सैद्धांतिकदृष्ट्या ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. त्या हिशेबाने निघणारा गॅस आणि मीटरची २४ तासांची बेरीज त्यांच्या वहीत जुळत होती. मला ती जुळणीच खटकली, कारण पहाटेचे आकडे फुगलेले असूनही बेरीज जुळत असेल, तर उरलेल्या वेळात मीटर तेवढेच कमी मोजत असला पाहिजे.

मीटर थर्मल मास प्रकारचा होता. त्याच्या प्रोबच्या, म्हणजे पाइपात उतरणाऱ्या दांडीच्या, टोकाला दोन बारीक नळ्या असतात. एक गॅसचे तापमान पाहते. दुसरी आतल्या हीटरने त्याहून ठरावीक अंश गरम ठेवली जाते आणि वाहता गॅस तिची जी उष्णता नेतो, ती भरून काढायला लागणाऱ्या विजेवरून प्रवाह काढला जातो. त्यामुळे त्या गरम नळीवर जे काही बसेल, ते थेट आकड्यात उतरते.

मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, सल्फेट भरपूर असल्याने या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड चांगलाच असतो. त्याचा सडक्या अंड्याचा वास प्रमाण वाढल्यावर नाकाला जाणवेनासा होतो, म्हणून वासावर विसंबणाऱ्या माणसाबरोबर मी अशा लाइनवर काम करत नाही. वर्क परमिट घेतले, मोबाइल बाहेर ठेवले, गॅस डिटेक्टर खिशाला लावला आणि मीटरचा वीजपुरवठा तोडूनच पाइपरॅकवर चढलो. कंप्रेशन फिटिंगचा नट सैल करून प्रोब खुणेपर्यंत वर ओढायचा, मग बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्यानंतरच प्रोब पूर्ण बाहेर काढायचा. हा क्रम चुकला तर गॅस सरळ तोंडावर येतो.

बाहेर आलेल्या प्रोबवर सगळी कथा लिहिलेली होती. गरम नळीवर काळपट पिवळा, चिकट थर बसला होता, पण दांडीवर वरून खालपर्यंत एक स्वच्छ, धुतल्यासारखी रेघ उमटली होती आणि तिच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत होता. थराने उष्णता अडवली की मीटर कमी दाखवतो, हे दिवसाचे दुखणे. डायजेस्टरमधून सुमारे ३७ अंशांवर, वाफेने पूर्ण भरून निघालेला गॅस उघड्या पाइपातून येताना हिवाळ्याच्या पहाटे गार पडतो, पाणी सुटते आणि ते उभ्या बसवलेल्या दांडीवरून ओघळून गरम नळीवर पडते. ज्या कारणाने माठातले पाणी गार होते त्याच कारणाने ती नळी गार पडते, हीटर जोर लावतो आणि मीटर समजतो की प्रवाह वाढला. एक चूक दुसरीला झाकत होती.

बरोबरच्या मदतनिसाने थर काढायला पॉलिश पेपर पुढे केला, तो मी परत ठेवायला लावला. नळीच्या पृष्ठभागावर चरे पडले की तिचे कॅलिब्रेशन गेलेच म्हणून समजावे. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती सावकाश स्वच्छ केली. तापमान पाहणाऱ्या नळीतला पीटी-१०० (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) मल्टिमीटरवर १११ ओहमच्या आसपास दाखवत होता, म्हणजे भोवतालच्या २९ अंशांना साजेसा. सेन्सर ठणठणीत होता. मीटरच्या अलीकडचा ड्रेन पॉट (पाइपात सुटलेले पाणी जिथे गोळा होते ते भांडे) गाळाने चोंदला होता, तो मोकळा करून घेतला आणि प्रोबवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवून तो पुन्हा खुणेपर्यंत बसवला. दांडी आडवी घेण्यासाठी पाइपाच्या बाजूला नवे नोझल (प्रोब बसवायचे तोंड) हवे होते, पण गॅस लाइनवर वेल्डिंग म्हणजे शटडाउन आणि नायट्रोजनने लाइन धुणे आले, म्हणून ते पुढे ढकलले.

त्यानंतर केमिस्टचा फोन आला, सूर नाराजीचा. दिवसाचा आकडा वाढला होता, पहाटेची उसळी ड्रेनमुळे कमी झाली तरी पुरती गेली नव्हती, आणि त्यामुळे बेरीज आता हिशेबापेक्षा जास्त येत होती. "सफाईच्या आधीच बरा होता की हो तुमचा मीटर," ते म्हणाले. मी त्यांना रोजच्या बेरजेऐवजी तासातासाचे आकडे लिहायला सांगितले. शटडाउनमध्ये नोझल बाजूला गेले, पाइपावर इन्सुलेशन चढले आणि पहाटेची उसळी थांबली. केमिस्टच्या वहीत तासांचे रकाने मात्र तसेच चालू आहेत.