पाणी बदलूनही नायट्रेट का उतरत नाही?

“दर रविवारी १० टक्के पाणी बदलतो, तरी नायट्रेट २० च्या खाली येत नाही. कुठे चुकतंय?” रीफ टँक (प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) ठेवणारे बरेच जण हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून आधी हिशोब मांडतो.

१० टक्के पाणी बदललं की नायट्रेट १० टक्क्यांनीच उतरतं. २० पीपीएमचं १८ होतं. माशांच्या खाण्यातून आठवडाभरात २ पीपीएम नवं तयार होत असेल, तर पुढच्या रविवारी पुन्हा २०. म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही, आवक-जावक तिथे जुळली आहे. आठवड्याला २० टक्के बदलत गेलात तर आकडा हळूहळू १० वर येऊन थांबेल. खाणं निम्मं केलंत तरी तो १० वरच येईल, आणि नव्या पाण्यात घालायचं समुद्री मीठही वाचेल. मी आधी खाणं कमी करायला सांगेन. लवकर उतरवायचं असेल तर एकदाच ५० टक्के बदलणं १० टक्के पाच वेळा बदलण्यापेक्षा सरस ठरतं. पाच बदलांत ४१ टक्केच जातं, कारण दुसऱ्या वेळेपासून काढलेल्या पाण्यात आपणच घातलेलं नवं पाणीही असतं.

फॉस्फेट मात्र या हिशोबाला जुमानत नाही. ते खडकात आणि वाळूत चिकटून बसतं आणि पाण्यातलं कमी झालं की तिथून सुटतं. बदलानंतर टेस्ट छान येते, दोन-तीन दिवसांत आकडा जवळपास जागेवर. तिथे जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) लावा आणि धीर धरा.

खरी गल्लत होते ती अल्कलिनिटीत, म्हणजे प्रवाळ सांगाडा बांधायला वापरतात त्या पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्यात. तो डीकेएचमध्ये मोजतात. कठीण प्रवाळांनी भरलेला टँक दिवसाला १ डीकेएच सहज खातो, आणि प्रत्येक डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम. टँक ७ वर आणि नवं पाणी १० डीकेएचचं असेल, तर १० टक्के बदलाने फक्त ०.३ वाढतं. म्हणजे जेमतेम सात तासांची भरपाई! अशा टँकला रोजचं डोसिंगच (अल्कलिनिटी आणि कॅल्शियम मोजून घालणं) हवं. झोआ आणि लेदरसारखे मऊ प्रवाळ असतील तर बहुधा पाणी बदलणं पुरतं. उलटी चूक जास्त महाग पडते: ७ च्या टँकमध्ये १२ डीकेएचच्या मिठाचं ३० टक्के पाणी ओतलं की अल्कलिनिटी एका झटक्यात ८.५ होते. नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असलेल्या टँकमध्ये अशा उडीने अ‍ॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाची टोकं जळतात. म्हणून टँकच्या रोजच्या आकड्याजवळचं मीठ निवडा.

४० लिटरला साधारण दीड किलो मीठ लागतं, पण शेवटचा शब्द क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाण द्रावणावर जुळवा, फक्त शुद्ध पाण्याच्या शून्यावर नको. पंप चालू ठेवून पाण्यात मीठ घाला. मिठावर पाणी ओतलंत तर कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन तळाला बसतं आणि अल्कलिनिटी तिथेच जाते. टँकइतकंच तापमान आणि क्षारता आल्याशिवाय ओतू नका.

पिण्याच्या आरओ प्युरिफायरचं पाणी वापरू नका. चवीसाठी बऱ्याच यंत्रांत टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलरमधून नळाचं थोडं पाणी परत मिसळतात. टँकसाठी आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) लावा; त्यानंतर टीडीएस मीटरवर ० हवा, १-२ दिसू लागला की रेझिन बदला. आणि अलिबागहून समुद्राचं पाणी आणायचं म्हणत असाल, तर पावसाळ्यात मुळीच नको: नद्यांच्या गोड्या पाण्याने क्षारता पडलेली असते, वर गाळ आणि सांडपाणी.

पुढच्या रविवारी टँकची टेस्ट करायच्या आधी बादलीतल्या नव्या पाण्याची अल्कलिनिटी आणि नायट्रेट मोजा. नव्या पाण्यातच ५ पीपीएम नायट्रेट निघालं, तर कितीही बदललंत तरी टँक ५ च्या खाली येणार नाही.